कोपराचं ऑपरेशन होऊन सव्वा वर्ष झालं, हाड जुळलंय, तरी कुत्रा लंगडतो. एवढं चालायचंच का?

पंडित_कॉलनी (१४ डिसेंबर, रात्री १०:१२)

नमस्कार मंडळी. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आमच्याकडे चिवडा नावाचा कॉकर स्पॅनियल आहे. (नाशिकचा आहे, दुसरं काय नाव ठेवणार?) वय वर्षं पाच. गेल्या वर्षी गणपतीत तो दिवाणावरून खाली उतरला, मोठ्याने केकाटला आणि पुढचा उजवा पाय उचलून उभा राहिला. दिवाण जेमतेम दीड फूट उंच. रोज दहा वेळा चढायचा-उतरायचा. एक्स-रेत कोपर मोडलेलं निघालं. खांद्याकडून येणाऱ्या हाडाचं खालचं टोक, त्यातला बाहेरच्या बाजूचा भाग सुटला होता. एक आडवा स्क्रू आणि बाजूने प्लेट बसवली. आठ आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढला तेव्हा डॉक्टर म्हणाले, हाड सुंदर जुळलंय, आता हळूहळू मोकळा सोडा. आम्ही सोडला.

आता दिवसभर ठीक असतो. पण सकाळी उठला की पहिली आठ-दहा पावलं लंगडत टाकतो. रविवारी कृषीनगरच्या ट्रॅकवर हुंदडला की सोमवारी तोंड पाडून बसतो. थंडी पडल्यापासून जास्तच.

हाड जुळलंय तर हा लंगडतो का? ऑपरेशन फसलं का? आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ रोज लिफ्टमध्ये सांगतात, "प्लेट काढून टाका, लोखंड गार पडतं." सासूबाई म्हणतात वय झालं. पाच वर्षांत कसलं वय?

झणझणीत (१४ डिसेंबर, रात्री १०:३१)

चिवडा पावसाळ्यात सादळतो, थंडीत कुरकुरीत राहतो. तुमचा उलटा दिसतोय. :)

सॉरी ताई, राहवलं नाही. बरा होवो बिचारा.

निफाडचा_गारठा (१४ डिसेंबर, रात्री ११:०५)

ताई, घाबरू नका. आमच्या लॅब्रॅडॉरला सहा वर्षांपूर्वी मोटरसायकलने उडवलं होतं. त्याचंही कोपरच, पण मागचा टोकदार भाग, आपण टेबलावर टेकवतो तो. तिथे दंडाचा मागचा स्नायू चिकटलेला असतो. तो सारखा वर ओढतो, त्यामुळे मोडलेला तुकडा आपोआप जुळत नाही, तार आवळूनच बसवावा लागतो असं डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. दोन पिना आणि आठच्या आकड्यासारखी तार.

सहा वर्षं झाली. अजून सकाळी लंगडतो. आमच्याकडे पारा एक आकडी झाला की माणसं लंगडतात, तो तर कुत्रा आहे. आम्ही काय करतो: खाली बारदान, वर जुनी गोधडी, उठायच्या आधी दहा मिनिटं गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून कोपराला. मग अंगणात दोरीने हळूहळू फेरी. पाच मिनिटांत चाल सुटते. त्याला लंगडणं म्हणत नाही मी, इंजिन गरम होणं म्हणतो.

प्लेटचं मला माहीत नाही, पण लिफ्टमधले सल्ले लिफ्टमध्येच सोडावेत.

सिन्नरकर_दादा (१५ डिसेंबर, सकाळी ७:४०)

आमच्या गावाकडे हाडवैद्य बांबूच्या कामट्या आणि लेप लावून बांधायचे. बैल, शेळ्या, कुत्री, सगळी बरी व्हायची. प्लेट नाही का स्क्रू नाही. आता कुत्र्याच्या पायाला पन्नास-साठ हजार मोजायचे आणि वर लंगडतोय म्हणून धागा काढायचा. माझं मत: दीड महिना घट्ट बांधून ठेवा, सांधा बसेल.

हात_पाय_मोडके (१५ डिसेंबर, सकाळी ९:१८)

सिन्नरकर दादा, मी माणसांची फिजिओथेरपिस्ट आहे. आदर ठेवून सांगते, हे करू नका. नळीचं हाड मधोमध मोडलं तर कामट्यांनी जुळू शकतं, म्हणून हाडवैद्यांना यश मिळायचं. कोपरात मोड थेट सांध्याच्या गुळगुळीत पृष्ठभागातून जातो. तिथे केसाएवढी पायरी राहिली तरी ती आयुष्यभर कुर्चा घासते. म्हणून तिथे उघडून, डोळ्यांनी बघून, तंतोतंत जुळवून स्क्रूने दाबावं लागतं.

आणि सव्वा वर्षानंतर दीड महिना बांधायचं? कोपर हा माणसांतही सगळ्यात लवकर आखडणारा सांधा. माझ्याकडे लहान मुलं येतात, झाडावरून पडलेली, प्लास्टर काढल्यावर हात तोंडापर्यंत जात नाही. आईला वाटतं हाड चुकलं. हाड बरोबर असतं, सांधा रुसलेला असतो.

ताई, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. आठ आठवड्यांनी *हाड* जुळलं. सांधा, स्नायू आणि त्याची पाय टाकायची सवय, या तिघांचं कुणी काही केलं का? ऑपरेशननंतर व्यायाम सांगितले होते?

पंडित_कॉलनी (१५ डिसेंबर, दुपारी १:०२)

@हात_पाय_मोडके, कागदावर लिहून दिले होते. कोपर हळूच वाकवायचं-सरळ करायचं, दिवसातून तीनदा. दोन आठवडे केलं. मग तो गुरगुरायला लागला, मुलाची परीक्षा आली... खरं सांगते, राहून गेलं.

@निफाडचा_गारठा, पिशवीचा प्रयोग आज केला. पिशवीवरच झोपला.

गोठा_ते_गादी (१५ डिसेंबर, रात्री ९:५५)

मी पशुवैद्य. दिवसा गाई, संध्याकाळी कुत्री. न बघता निदान करणार नाही, तुमच्या सर्जनना दाखवाच. तोवर काही गोष्टी.

१) प्लेट उगाच काढत नाहीत. स्क्रू सैल झाला, जंतुसंसर्ग झाला, वरची कातडी सतत घासली जात असेल, तरच. "लोखंड गार पडतं" अगदीच खोटं नाही, कातडीखाली लगेच प्लेट असली की थंडीत काही कुत्र्यांना त्रास होतो. पण ते काढायचं पहिलं कारण नव्हे. आणि आडवा स्क्रू तर सहसा कायमचाच.

२) सांध्यातून गेलेल्या मोडीनंतर थोडाफार संधिवात जवळपास ठरलेला. चांगल्यात चांगल्या ऑपरेशननंतरही वर्षभराने एक्स-रेत हाडाच्या कडा खडबडीत दिसतात. पण एक्स-रे आणि चाल यांचं गणित जुळत नाही. भयंकर एक्स-रेवाली कुत्री पळताना पाहिलीत, स्वच्छ एक्स-रेवाली लंगडताना. बाहेरचा एकच भाग मोडला असेल तर बहुतेक कुत्री पाय छान वापरतात. दोन्ही भाग सुटले, म्हणजे इंग्रजी वायसारखी मोड असली, तर मात्र भरवसा कमी.

३) पुढच्या दोन पायांवर अंगाचं साठेक टक्के वजन असतं. जिना *उतरणं*, गाडीतून उडी, दिवाणावरून उडी हे सगळं कोपरावर आदळतं. चढ चालेल, उतार जपून.

आता प्रश्न. वजन किती? दोन्ही दंडांचा घेर शिंप्याच्या टेपने मोजून सांगा. आणि मोबाईलवर स्लो मोशनमध्ये चालण्याचा व्हिडिओ काढा, समोरून येताना. दुखरा पाय टेकतो तेव्हा डोकं वर उचललं जातं, चांगला पाय टेकताना खाली जातं. डोकं बघा, पाय नको.

आणि मला खरी खटकलेली गोष्ट वेगळी आहे. दीड फुटांवरून उतरताना जाणत्या कुत्र्याचं कोपर मोडत नाही. चार महिन्यांच्या पिल्लाचं मोडतं, कडेवरून निसटलं तरी मोडतं. चार वर्षांच्याचं मोडायला गाडी लागते. अपवाद तुमची जात. त्यावर नंतर लिहितो, आत्ता दिंडोरीला एक गाय अडली आहे.

झणझणीत (१५ डिसेंबर, रात्री १०:०१)

असा सस्पेन्स सोडून गेले! गाय सुटली की नाही तेही कळवा.

मखमलाबाद_मळा (१६ डिसेंबर, सकाळी ६:५०)

पोहायला न्या त्याला. पोहताना अंगाचा भार नसतो आणि कोपर पूर्ण वाकतं. आमच्या मळ्यातल्या शेततळ्यात...

निफाडचा_गारठा (१६ डिसेंबर, सकाळी ७:१५)

@मखमलाबाद_मळा, भो, शेततळं नको! प्लास्टिकचा कागद असतो, कुत्र्याला बाहेर येता येत नाही, नखं घसरतात. आमच्या शेजाऱ्यांचा कुत्रा असाच गेला. न्यायचंच तर अंगात जॅकेट, त्याला दोरी आणि दोरी धरणारा माणूस पाण्याबाहेर. ते पण उन्हाळ्यात. डिसेंबरात कुणी आजारी कुत्र्याला गार पाण्यात घालतं का?

आणि जानेवारीनंतर मळ्यात येणार असाल तर अजून एक. खाली पडलेली द्राक्षं खाऊ देऊ नका. बेदाणेही नाही. कुत्र्यांची किडनी जाते, थोडक्या द्राक्षांनीसुद्धा. आमच्या लॅबला वेदनाशामक चालू होतं आणि त्याने बागेत तोंड मारलं, तीन दिवस सलाईनवर होता. द्राक्षाच्या गावात राहून मला हे पन्नाशीत कळलं.

मखमलाबाद_मळा (१६ डिसेंबर, सकाळी ७:३२)

पटलं. तळ्याचं वाक्य मागे घेतो. गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर नेलं तर?

पंचवटी_कारंजा (१६ डिसेंबर, सकाळी ८:१०)

गंगेच्या घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, तिथे माझंच कोपर मोडलं होतं. कुंभमेळ्यासाठी शहरभर रस्ते उकरलेत, उरलेल्यांची तिकडे मोडतायत. घरीच बसवा चिवड्याला.

बाकी आमच्या गल्लीतल्या काळ्याचा पुढचा पाय लहानपणी असाच मोडला, कुणी बघितलं नाही. पाय वाळला, वर लटकतो. तीन पायांवर २०१५ चा अख्खा सिंहस्थ फिरला, भाविकांच्या पुऱ्या खाऊन सगळ्यात जाडा तोच होता. अजून आहे. म्हातारा झालाय, पण मांजर दिसलं की चारही पाय आठवतात.

हात_पाय_मोडके (१६ डिसेंबर, सकाळी ८:४४)

काळ्याला सलाम. पण तुम्ही म्हणताय तो पाय "वाळला", ते नेमकं चिवड्यात टाळायचंय. कुत्रा हुशार, तीन पायांवर भागतंय म्हटलं की चौथा वापरत नाही. म्हणून *हळू* चालवायचं, पट्ट्याने, अगदी वरातीच्या चालीने. पळताना पाय चुकवता येतो, हळू चालताना प्रत्येक पाय टेकवावाच लागतो. रविवारी तासभर आणि सोमवार ते शनिवार अंथरुणात, हा सगळ्यात वाईट हिशोब. रोज पंधरा-पंधरा मिनिटं दोनदा परवडली.

फरशी कसली आहे घरात?

पंडित_कॉलनी (१६ डिसेंबर, रात्री ९:२०)

व्हिट्रिफाइड. आरशासारखी. गेल्याच वर्षी बसवली. आता माझी मलाच लाज वाटायला लागली आहे.

गंगापूर_रोड_७ (१६ डिसेंबर, रात्री ९:३५)

लाज कसली. गोठ्यात गाईखाली टाकतात ती रबरी मॅट आणा, शेतकी सामानाच्या दुकानात मिळते. पाय अजिबात सरकत नाही. योगा मॅट एका महिन्यात कुरतडून संपते (अनुभव).

आम्ही सांध्यांसाठी ग्लुकोसामाइनही देतो, खूप फरक पडला.

मापात_बोला (१६ डिसेंबर, रात्री ११:१०)

ग्लुकोसामाइनने नक्की फरक पडला, की त्याच महिन्यात मॅट टाकलीत, फिरवणं सुधारलंत म्हणून पडला? त्याच्या बाजूने भक्कम पुरावा नाही. माशाच्या तेलाचा त्यापेक्षा बरा आहे. वजन कमी करण्याचा सगळ्यात बरा आणि तो फुकट आहे, म्हणून कुणी करत नाही.

आणि कुणीही घरातली दुखण्याची गोळी अर्धी करून देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, किडनीवर येतं. कुत्र्यांना देतात ते मेलॉक्सिकॅमसुद्धा डॉक्टरांनी वजनावर ठरवलेला डोसच.

हरसूलचा_रानवाटी (१६ डिसेंबर, रात्री ११:४०)

अवांतर, पण डायक्लोफिनॅकचं नाव निघालं म्हणून. गुरांना हे औषध द्यायचे, मेलेली गुरं गिधाडं खायची आणि त्यांच्या किडन्या निकामी व्हायच्या. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर आपल्याकडे बंदी आली. त्याला पर्याय म्हणून गिधाडांना न मारणारं जे औषध पुढे आलं ते हेच मेलॉक्सिकॅम. आमच्या भागात अजून गिधाडं दिसतात. कुणाला बघायची असतील तर या.

झणझणीत (१७ डिसेंबर, सकाळी ९:००)

चिवड्याच्या कोपरावरून गिधाडांपर्यंत पोचलो. गाईचं काय झालं?

गोठा_ते_गादी (१७ डिसेंबर, रात्री १०:२०)

गाय सुटली. कालवड झाली.

पंडित_कॉलनी (१९ डिसेंबर, रात्री ८:४८)

गृहपाठ झाला. वजन १६.८ किलो. घेर: डावा २३ सेंटीमीटर, उजवा २१. दोनदा मोजला, दुसऱ्यांदा टेप खाल्ली.

व्हिडिओवरून मात्र गोंधळ झालाय. मुलाने स्लो मोशनमध्ये काढला. सकाळच्या व्हिडिओत उजवा पाय टेकताना डोकं वर जातं, म्हणजे तुम्ही म्हणालात तसंच. पण सोमवारचा एक जुना व्हिडिओ सापडला, पळून आल्यानंतरचा. त्यात *डावा* पाय टेकताना डोकं वर जातंय. आम्ही सव्वा वर्ष उजव्याकडेच बघत होतो. बघायला चुकतोय का?

गोठा_ते_गादी (१९ डिसेंबर, रात्री १०:०५)

ताई, चुकत नसाल. मला भीती होती तेच लिहितो.

चिवड्याचं जे मोडलं, त्या दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाला शेजारी शेजारी दोन बोंडं असतात. पिल्लू जन्मतं तेव्हा ती वेगळी असतात, मध्ये कुर्चा. साधारण तीन महिन्यांपर्यंत जुळून एक होतात. स्पॅनियलमध्ये मात्र कित्येकदा या दोन बोंडांच्या मध्ये चीर असते. काहींची मुळात नीट जुळलेलीच नसतात, काहींत ती पुढे पडते असं दिसतं. नरांमध्ये प्रमाण जास्त. बाहेरच्या बोंडावर भार जास्त आणि त्याला वरून आधार देणारी हाडाची पट्टी पातळ. मग एक दिवस दिवाणाचं निमित्त होतं. दिवाण निर्दोष आहे.

आणि ही चीर बऱ्याचदा दोन्ही कोपरांत असते. साध्या एक्स-रेत किरण अगदी चिरेच्या रेषेत पडला तरच दिसते, नाहीतर निसटते. सीटी स्कॅनमध्ये स्पष्ट कळते. नुसती चीरही दुखते, विशेषतः पळल्यानंतर.

कदाचित तसं नसेलही. उजवा पाय वाचवताना डाव्यावर भार येऊन स्नायू दुखत असेल. पण सर्जनना हा व्हिडिओ दाखवा आणि डाव्या कोपराचं विचारा. तोवर पळणं बंद, उड्या बंद.

वजन: या जातीचा नर साडेचौदाच्या आत असावा. दोन-सव्वादोन किलो जास्त आहे.

गंगापूर_रोड_७ (१९ डिसेंबर, रात्री १०:३०)

डॉक्टर, आधीच ताई काळजीत आहेत, त्यात चांगला पाय पण मोडणार म्हणून सांगायचं? सीटी म्हणजे भूल आली, मुंबई-पुण्याची वारी आली, खर्च आला.

मापात_बोला (१९ डिसेंबर, रात्री १०:५२)

न सांगितल्याने चीर बुजणार आहे का?

पंडित_कॉलनी (१९ डिसेंबर, रात्री ११:१५)

@गंगापूर_रोड_७, तुमची माया कळते. पण कुणीतरी गेल्या वर्षीच सांगितलं असतं तर बरं झालं असतं. बघते.

सिन्नरकर_दादा (२० डिसेंबर, सकाळी ७:०५)

मी बांधायला सांगितलं होतं ते मागे घेतो. तब्येत कळवा ताई.

पंडित_कॉलनी (२९ जानेवारी, रात्री ९:३०)

उशीर झाला, माफ करा. सर्जननी व्हिडिओ बघितला, दोन्ही कोपरं वाकवून पाहिली आणि स्वतःहून सीटी म्हणाले. मागच्या आठवड्यात मुंबईला जाऊन आलो. चिवड्याने कसारा घाटात दोन वेळा ओकून घेतलं.

उजवं कोपर: जुळलेलं, पायरी नाही, स्क्रू जागच्या जागी, कडांना संधिवात सुरू झालाय. म्हणजे ऑपरेशन फसलेलं नव्हतं. लिफ्टवाल्या काकांना कळवलंय.

डावं कोपर: चीर आहे. आरपार नाही, अर्ध्यापर्यंत.

दोन्ही वाटा नीट समजावून सांगितल्या. एक, आत्ताच आडवा स्क्रू टाकून ठेवायचा, म्हणजे मोडायची शक्यता कमी होते. पण याच ऑपरेशनमध्ये जखमेत पाणी साचणं, जंतुसंसर्ग हे प्रकार बऱ्यापैकी होतात आणि चीर भरेलच असं नाही, त्यामुळे वर्षांनी स्क्रूच थकून तुटू शकतो. दुसरी, जपून बघत राहायचं आणि जास्त लंगडला किंवा चीर वाढली तर स्क्रू. "तुमचा असता तर काय केलं असतं?" असं मी विचारलं. ते म्हणाले, "आधी दोन किलो उतरवले असते."

तर सध्या दुसरी वाट. आज वजन १५.९. हळू फेऱ्या चालू, वरातीच्या चालीने, शेजारी विचारतात नवरदेव कुठे. व्यायाम आता मुलगा करतो, त्याच्यावर गुरगुरत नाही. सकाळचं लंगडणं आठ-दहा पावलांवरून तीन-चारवर आलंय, गेलेलं नाही. डावा पाय पळणं बंद केल्यापासून दिसत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन.

आणि सासूबाईंनी परवा मला न विचारता सुतार बोलावून दिवाणाचे पाय कापून घेतले. आता जमिनीपासून पाच इंचांवर आहे. स्वतःला उठता येत नाही त्यांना त्यावरून, तरी तिथेच बसतात, कारण तो शेजारी बसतो.

निफाडचा_गारठा (२९ जानेवारी, रात्री ९:५१)

आजींना गरम पाण्याची पिशवी द्या.

झणझणीत (२९ जानेवारी, रात्री १०:०४)

वजन उतरतंय म्हणजे हा आता पातळ पोह्यांचा चिवडा.

हात_पाय_मोडके (२९ जानेवारी, रात्री १०:२०)

घेर परत मोजा मार्चमध्ये. टेप लांब ठेवून.

पंडित_कॉलनी (३० जानेवारी, सकाळी ८:१५)

मोजते. @गंगापूर_रोड_७, त्या रबरी मॅटचा वास किती दिवसांनी जातो हो?

गंगापूर_रोड_७ (३० जानेवारी, सकाळी ८:४०)

जात नाही. पाहुणे कमी येतात.